खारेपाटणचा गाळ उपसला की बंदर जागं होईल? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कोल्हापूरच्या मालाला कोणतं बंदर हवं यावरच्या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा की, खाडीत आत असलेलं, शिलाहार राजांच्या काळापासूनचं खारेपाटण सोडून मी त्याच खाडीच्या तोंडावरच्या विजयदुर्गाची बाजू घेतो; खाडीचा गाळ एकदा उपसला की आपला गूळ, साखर गगनबावड्याचा घाट उतरून थेट जहाजात चढेल.

इतिहासाचं तुमचं म्हणणं रास्त आहे, लेखात तो भाग तोकडा पडला. खारेपाटणला मिळालेल्या, शिलाहार राजा रट्टराजाच्या शके 930 (इ.स. 1008) च्या ताम्रपटात परदेशातून येणाऱ्या जहाजामागे एक गद्याणक (तेव्हाचं वजनाचं माप) सोनं कर म्हणून घ्यायची नोंद आहे. एवढा व्यापार इथल्या किनाऱ्यावर होता.

पण तेव्हाची जहाजं केवढी होती ते बघा. गलबत, पडाव भरती धरून खाडीत शिरायचे आणि ओहोटीला चिखलात टेकले तरी चालायचं. आजचं लहानसं कंटेनर जहाजही भरल्यावर आठ-दहा मीटर पाण्यात बुडतं, आणि तळाखाली आणखी मीटरभर मोकळं पाणी लागतं.

आणि गाळ एकदा उपसून संपत नाही. नदीचं गोडं पाणी खाऱ्याला भेटतं तिथे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाला बसतात. तुम्ही तिथेच खोदलंत तर प्रवाह आणखी मंदावतो आणि खड्डा पहिल्यापेक्षा लवकर भरतो. म्हणजे दर पावसाळ्यानंतर ड्रेजर आणि दरवर्षी तोच खर्च. विजयदुर्गाला खाडीच्या तोंडाशीच खोली आहे, म्हणून त्याची बाजू घेतली.

दुसरं, हा व्यापार नुसत्या गाळाने गेला नाही. 1891 मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली, 1895 मध्ये कोल्हापुरात शाहूपुरी ही बाजारपेठ वसली, आणि घाट उतरणारा माल गाडीत बसून मुंबईला जाऊ लागला. आजही अडतं ते घाटातच. साखरेने भरलेला वीसफुटी कंटेनर पंचवीस टनांच्या आसपास जातो. गगनबावड्याखालच्या करूळ घाटाच्या वळणावर ट्रेलरची मागची चाकं पुढच्यांपेक्षा आत कापतात, समोरून एसटी आली की दोघांनाही थांबावं लागतं. उतारावर ब्रेक तापतात ते वेगळंच.

म्हणून माझा आग्रह आधी कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेचा आहे. 107 किलोमीटरच्या आसपासचा हा मार्ग कागदावर कधीचा मंजूर आहे. तो झाला तर शिरोली, गोकुळ शिरगाव या कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींतलं कास्टिंग (ओतीव धातूचे सुटे भाग) वॅगनने खाली उतरेल आणि परतीला कोळसा, भंगार वर येईल. दोन्ही बाजूंनी भरलेली वॅगन मिळाली तरच जहाज कंपनी विजयदुर्गाला नियमित फेरी लावेल.