जेवणाचे सूप वाजले

मराठीत कार्यक्रम संपला की त्याचे सूप वाजते. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात मात्र गेल्या आषाढापासून रोज रात्री आठ वाजता, पहिला घास घेण्यापूर्वीच माझ्या जेवणाचे सूप वाजते. तीन महिन्यांच्या पापांची, म्हणजे रक्तातल्या साखरेची, सरासरी काढणाऱ्या एचबीएवनसी तपासणीत माझा आकडा ७.४ आला, तेव्हा आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "काका, चार पोळ्यांच्या दोन करा आणि आधी वाटीभर सूप घ्या, म्हणजे पोटाला आधार राहील."

सारसबागेत फिरायला येणारे आमचे शेजारी यावर खो खो हसले. त्यांचा आकडा ६.३ होता आणि मधुमेहाची हद्द ६.५ ला सुरू होते. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, ते हे असे.

पहिला आठवडा मी पाकिटातल्या टोमॅटो सूपवर काढला, वर तळलेल्या पावाचे चौकोनी तुकडे पेरून. दोन तासांनी ग्लुकोमीटरने त्या क्षणाची साखर २१२ दाखवली, तेव्हा चष्मा लावून पाकिटाची मागची बाजू वाचली. तिथे कॉर्नफ्लॉअर, साखर आणि मीठ टोमॅटोच्या मांडीला मांडी लावून बसलेले होते. दोन मोठे चमचे कॉर्नफ्लॉअर म्हणजे सुमारे १४ ग्रॅम पिष्ट, अर्थात जवळपास एक फुलका. जो फुलका मी त्यागाच्या मुद्रेने ताटाबाहेर ठेवत होतो, तोच वाटीतून पीत होतो.

मग सूत्रे सौभाग्यवतींनी हाती घेतली. मंडईतून दुधी आणि पालक आला, दाटपणासाठी बटाट्याऐवजी मूठभर मूगडाळ आली आणि तुळशीबागेतून मी हौसेने आणलेली नवी गाळणी माळ्यावर गेली, कारण साखर रक्तात सावकाश उतरावी म्हणून ज्या चोथ्याची गरज असते, तोच मी गाळून टाकत होतो. (गाळणीचे पैसे परत मिळाले नाहीत. पुण्यात ते मिळतील, अशी माझी अपेक्षाही नव्हती.)

पहिला चमचा तोंडात घातला आणि मी ओळखले, ही आमटी आहे. गोडा मसाला, आमसूल आणि गूळ काढून घेतलेली, सर्वस्व लुटले गेलेली आमटी! तसे बोलून दाखवले, तेव्हा उत्तर आले, "मग आमटी समजून प्या." पुढे जिऱ्याची फोडणी, मिरपूड आणि लिंबू यांनी तिची थोडी अब्रू राखली, आणि दोन तासांनंतरचा आकडा १६० च्या आत येऊ लागल्यावर माझ्या तक्रारीही गाळणीमागोमाग माळ्यावर गेल्या.

परवा सारसबागेत शेजारी हसले नाहीत. बराच वेळ माझ्या शेजारून मुकाट चालल्यावर त्यांनी हळूच विचारले, "वहिनी मूगडाळ नेमकी किती घालतात हो?"

मी त्यांना सगळे सांगितले आणि माळ्यावरची नवी गाळणी अर्ध्या किमतीत देऊ केली.