बेस सामाईक, दगड कुणाचे?

कोथरूड, हडपसर, बाणेर आणि सदाशिव पेठ अशा चार ठिकाणचे चार मित्र मिळून ‘रस्ट’ या ऑनलाइन खेळात सामाईक बेस, म्हणजे राहायचं आणि लूट ठेवायचं घर, बांधणार असाल, तर शत्रूची काळजी आधी सोडा. शत्रू येईल तेव्हा येईल. तोवर आपल्याला एकमेकांशी पुरेसं काम आहे.

जागा निवडताना फ्लॅटची जाहिरात डोळ्यांसमोर ठेवा. लाँच साइट, म्हणजे खेळातलं लुटीचं मोठं ठिकाण, हाकेच्या अंतरावर, रस्ता अगदी दारातून. लूट आणायला सोयीचं पडतं. न्यायलाही.

कोड लॉकला चार आकडे लागतात, म्हणजे दहा हजार शक्यता. त्यातून १६३० किंवा १६७४ निवडा. मराठी पोरांनी भरलेल्या सर्व्हरवर हे आकडे कुणाला सुचणार? मग कोड ग्रुपवर पिन करा. मागच्या महिन्यात भांडून निघून गेलेला मित्र अजून त्या ग्रुपवर आहे, पण त्याला काढलं तर वाईट दिसतं. बेसचा ताबा ठरवणाऱ्या टूल कबर्डवर, म्हणजे टीसीवर, त्याला दिलेला अधिकारही तसाच राहू द्या. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर हत्तींसाठी लावलेले खिळे आजही बघायला मिळतात. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांना मारलं ते पगारी गारद्यांनी. हत्ती लागलाच नाही.

टीसी म्हणजे आपली मॅनेजिंग कमिटी. त्यात दगड, लाकूड, धातू टाकत राहायचं, तो साठा हळूहळू खर्च होतो आणि बेस उभा राहतो. मेंटेनन्सच. नेहमीच्या सर्व्हरवर टीसी रिकामा पडला की लाकडी भिंत तीन तासांत, दगडी पाच तासांत आणि पत्र्याची आठ तासांत झिजून संपते. तेव्हा ‘दगड कुणी टाकायचे’ हा विषय थेट सर्वसाधारण सभेपुढे ठेवा. बाणेरचा म्हणेल, मी फक्त शनिवार-रविवार येतो, मी अर्धेच देणार. पेठेतला म्हणेल, माझी खोली तळमजल्यावर, वरच्या मजल्याचे दगड मी का भरावेत? मुद्दा बिनतोड आहे. लिफ्टच्या खर्चावरून तो या शहरात कित्येक वर्षं टिकून आहे. हडपसरचा मागच्या सभेचं इतिवृत्त मागेल. चर्चा पाच तासांच्या आत संपू देऊ नका.

आता विस्तार. बेस जसजसा मोठा होतो, तसतसा त्याच्या देखभालीचा दरही टप्प्याटप्प्याने चढतो. म्हणून काही कंजूष लोक लहान, जाड बेस बांधतात. लुटीच्या पेट्यांभोवती रिकाम्या खोल्यांचा थर देतात आणि बाहेरच्या दारामागे लगेच दुसरं दार लावतात, की दारात एकजण मेला तरी शत्रूला आत शिरता येऊ नये. चटईक्षेत्राची केवढी नासाडी! तुम्ही प्रत्येकाला स्वतंत्र खोली द्या, गच्ची द्या, गच्चीवर शेड टाका. बाल्कनी निघाली तर ती बंद करून घ्यायची, हे पुणेकराला वेगळं सांगायला नको. दगडी भिंत पाडायला चार रॉकेटं लागतात, पत्र्याच्या भिंतीला आठ. म्हणून भिंती पत्र्याच्या करा आणि दार मात्र लाकडीच ठेवा. आल्यागेल्याला उगाच खर्चात कशाला पाडायचं? महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सक्तीचा वाइप येतो आणि सगळे बेस पुसले जातात. तेव्हा तिसऱ्या मजल्याचं काम बुधवारी काढा.

दारावर लाकडी पाटी हवीच. खेळात ती स्वतः रंगवता येते. ‘आत काही नाही. खात्री करण्यासाठी दार फोडू नये.’ तोवर कुणाला शंकाही आलेली नसते.

भिंत लावताना मात्र नीट लक्ष देऊन चुका. दगडी भिंतीची एक बाजू कणखर असते, एक मऊ. मऊ बाजू बाहेर आली की समोरचा नुसत्या कुदळीने ती उकरत बसतो. वेळ जातो, पण स्फोटकांना लागणारा सल्फर वाचतो. या कामाला पुण्यात मोठी परंपरा आहे. एप्रिल १६६३ मध्ये लाल महालात शाहिस्तेखानाभोवती पहारा काय कमी होता? महाराजांची माणसं मुदपाकखान्याकडची बुजवलेली वाट फोडून आत शिरली. रात्रीची वेळ, महिना रमजानचा, खान झोपेत. आजच्या भाषेत ऑफलाइन. बोटांवर निभावलं. तुमचं तेवढ्यावर निभावणार नाही, कारण लॉग आउट केलं तरी तुमचा देह बेसमध्येच झोपलेला राहतो आणि त्याच्या खिशात सगळं असतं. तर सकाळी ऑफिस आहे म्हणून चौघेही रात्री अकराला एकदमच झोपायला जा. एकाने जागायचं म्हटलं तर कुणी, हा पुन्हा सभेचा विषय.

सकाळी उघडून बघाल तर पेट्या रिकाम्या, टीसी दुसऱ्याचा आणि दारांना नवी कुलपं. खचून जाऊ नका. दाराबाहेर उभं राहून नव्या मंडळींना मागच्या महिन्याच्या थकलेल्या दगडांची यादी वाचून दाखवा. ताबा त्यांनी घेतलाय, तर थकबाकीही त्यांनीच भरायची.