पोटरी दुखली नाही म्हणजे गुठळी नाही?

‘पोटरी : आपलं दुसरं हृदय’ हा मेसेज सगळीकडे फिरतोय. माझ्या आत्याचं नुकतंच गुडघा बदलायचं ऑपरेशन झालंय, एक पोटरी सुजलीय, आणि ‘पोटरी दुखली नाही तर शिरेत रक्ताची गुठळी नाही’ असं या मेसेजमध्ये वाचून ती म्हणते, आता डॉक्टरकडे कशाला? म्हणून लिहितोय.

‘दुसरं हृदय’ यात थोडं तथ्य आहे, मान्य. पोटरीचे दोन स्नायू, वरचा गॅस्ट्रॉक्नेमियस आणि त्याखालचा सोलियस, आवळले की खोल शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं. बस, इतकंच.

मेसेज म्हणतो, ‘पाच मिनिटं टाचा उचला, शुगर जाते.’ ह्यूस्टन विद्यापीठाच्या 2022 च्या प्रयोगात लोकांनी बसल्या बसल्या सोलियसची ठरावीक हालचाल काही तास केली होती. ग्लुकोज प्यायल्यावर साखर कमी चढली. मधुमेह गेला असं तिथे कुणीही म्हटलेलं नाही.

आता खरा धोका. ‘गुडघा सरळ ठेवून पाऊल वर ओढा. पोटरी दुखली नाही तर गुठळी नाही.’ ही अमेरिकन सर्जन जॉन होमन्स यांच्या नावाची, 1940 च्या दशकातली खूण. गुठळी असलेल्या कितीतरी लोकांची पोटरी या तपासणीत दुखतच नाही. उलट गॅस्ट्रॉक्नेमियस मांडीच्या हाडापासून निघतो, त्यामुळे गुडघा सरळ असला की तो दोन्हीकडून ताणला जातो आणि नुसता आखडलेला असला तरी कळ येते. सोलियसमधल्या शिरांत रक्त संथ असतं, गुठळी बरेचदा तिथेच धरते, आणि बाहेर काही कळतही नाही.

डॉ. वेल्स आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गुठळीच्या शक्यतेचे निकष मांडले. त्यात होमन्सची खूण नाहीच. त्यात आहे ते हे : गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंटिमीटर खाली मोजल्यावर एक पोटरी दुसरीपेक्षा 3 सेंटिमीटरहून जास्त जाड असणं, अलीकडे मोठी शस्त्रक्रिया झालेली असणं. आत्याला दोन्ही लागू! आणि हे निकषसुद्धा फक्त शक्यता सांगतात. निदान डॉपलरवर, म्हणजे शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर होतं.

‘दुखलं तर गरम तेलाने रगडा.’ हे लिहिणाऱ्याचा मला खरंच राग येतो. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दगावतो. शंका असेल तर पोटरीला मालिश करायचं नाही, कुणालाही करू द्यायचं नाही.

एकच पाय सुजला, गरम लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. धाप लागली, छातीत दुखलं, तर थेट रुग्णालय. आत्याला मी आजच डॉपलरला नेतोय.