एक नंबरची बाटली

डॉक्टरनं शुगर बॉर्डरवर आहे म्हणून सांगितलं आणि त्याच आठवड्यात नागपूरच्या साळ्यानं स्वतःची जुनी गिअरची सायकल आमच्या अंगणात आणून टाकली, हा योगायोग होता की बायकोचा कट ते मला अजून कळलं नाही. सायकल एकवीस गिअरची, म्हणजे समोर तीन चकत्या, मागं सात, पण मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, चेनकव्हर नाही, स्टँड नाही, साधी घंटीसुद्धा नाही. बाबांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, बाजारात गोऱ्हा पाहतात तशी, फक्त दात पाहायचे बाकी ठेवले, आणि विचारलं, "बाकीची कवा आणून देनार हाय थो?"

बाबांची स्वतःची सायकल अॅटलसची. बावीस इंची, वजनाला वीस किलोच्या घरात, आणि त्या सायकलनं कॅरिअरवर युरियाचं पोतं आणि दांडीवर मी एवढा संसार कित्येक वर्षं ओढला. मी एकदा त्यांना सांगितलं की बाबा, या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, आणि गंमत म्हणजे ३ जून हा नेमका जागतिक सायकल दिन, संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मधे जाहीर केलेला. बाबा म्हणाले, "मंग माही कशी चालून राह्यली?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, संयुक्त राष्ट्रांकडंही नसावं.

आता थोडं भूगोलाचं सांगतो. आमचं गाव नागपूर-वर्धा रस्त्यावर, केळझर आणि सेलूच्या मधात. दर रविवारी पहाटे अंधारातच नागपूरवरनं सायकलवाले निघतात, पन्नासेक किलोमीटर मारून केळझरच्या गणपतीचं दर्शन घेतात आणि मग आमच्या फाट्यावरच्या टपरीवर तर्री-पोहे खायला येतात. लांबून पाहिलं तर पोपटांचा थवा पऱ्हाटीत उतरला असं वाटतं. सगळे चटकदार रंगाचे, अंगाला चिकटलेले कपडे, आणि बुटाखाली काहीतरी लोखंडी लावलेलं त्यामुळं टपरीवर चालताना टक् टक् वाजते, नवीन नाल मारलेल्या बैलासारखं.

मी कधी त्यांच्याजवळ बसलो नव्हतो तेव्हा मला वाटायचं की हे लोक किती मोठ्या गोष्टी बोलत असतील, घाट, वारा, निसर्ग वगैरे. तसं काही नसते. अर्धा तास सीटबद्दल बोलतात, म्हणजे कुठं दुखते आणि कोणत्या सीटनं कमी दुखते (वयस्क, शिकलेली माणसं, म्याडम लोकांसमोर, बिनधास्त). मग कोणीतरी सांगते की मी आठ हजार खर्च करून दीडशे ग्रॅम वजन कमी केलं, सायकलचं. मग आलूबोंड्याची दुसरी प्लेट येते. आणि मग विषय येतो बाटलीवर, तो काही संपत नाही.

पहिल्या रविवारी मी हिंमत करून माझी सायकल घेऊन त्यांच्या बाजूला उभी केली, म्हणजे कडुनिंबाला टेकवली, स्टँड नाही ना. एकानं लगेच विचारलं, "दादा, केज नाही लावला का?" माझ्या सायकलच्या खालच्या दांडीवर दोन रिकामे बोल्ट आहेत, त्याचं काम काय ते घरात कोणालाच माहीत नव्हतं, बाबांचं मत होतं की "हे बी काढून घेतलं लेकाच्यानं." तर ते बाटलीच्या जाळीसाठी असते. मी तिथं कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली सुतळीनं बांधली होती, वरून तरटाचा ओला तुकडा गुंडाळून. चांगली दोन वर्षं वापरातली बाटली. वावरातही तीच, सायकलवरही तीच.

त्यांच्यात एक दाताचे डॉक्टर आहेत, एक कॉम्प्युटरवाला पोट्टा आहे आणि एक कॉलेजात शिकवणाऱ्या म्याडम. डॉक्टरांनी माझी बाटली सुतळीतून सोडवली, उलटी केली, बुडाकडं पाहिलं आणि पेशंटची अक्कलदाढ किडलेली दिसावी तसा चेहरा केला. "एक नंबर आहे," म्हणाले.

मला काय वाटणार? मी खूष झालो. म्हटलं, "एक नंबरच आहे सर, दोन वर्षं झाली, कुठं गळत नाही."

टपरीवर जे हसू झालं ते सेलूपर्यंत ऐकू गेलं असेल. म्हणजे आपल्याकडं एक नंबर म्हणजे एक नंबर, माल एक नंबर, पोरगा एक नंबर, त्यात समजायचं काय राहिलं? पण नाही. बाटलीच्या बुडाला बाणाचा तिकोन असते आणि त्यात आकडा असते, तो काही परीक्षेतला नंबर नाही. पोट्ट्यानं समजावलं की अमेरिकेतल्या प्लास्टिकवाल्यांनी १९८८ मधे हे आकडे काढले ते भंगारात छाटणी करायला सोपं जावं म्हणून, एक म्हणजे पेट, दोन म्हणजे एचडीपीई, चार एलडीपीई, पाच पीपी, आणि सात म्हणजे वरच्यांत न बसणारे बाकी सगळे. आकडा फक्त जात सांगतो, गुण नाही सांगत. मला तेव्हाच वाटलं की ही गोष्ट प्लास्टिकपुरती नाही, पण मी नवीन होतो, गप्प बसलो.

मग डॉक्टर म्हणाले की पेटची बाटली एकदाच वापरायला बनवलेली असते, ती बनवताना अँटिमनी नावाचा धातू वापरतात, आणि बाटली जेवढी तापते तेवढा तो पाण्यात जास्त उतरते. थोडाच उतरते, पण उतरते. मी विचारलं किती तापली तर? ते म्हणाले बंद गाडीत वगैरे ठेवली तर. आता आमच्याकडं एप्रिलात पारा चव्वेचाळीसला जाते, आमचं आख्खं वावरच बंद गाडी आहे.

म्याडम म्हणाल्या, सातमधे पॉलीकार्बोनेट येते, त्यात बीपीए नावाचं रसायन असते, युरोपनं २०११ मधेच लहान लेकरांच्या दुधाच्या बाटल्यांत त्याच्यावर बंदी घातली. आणि कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी २०२४ च्या जानेवारीत छापलं की बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमधे सरासरी दोन लाख चाळीस हजार प्लास्टिकचे कण सापडले. हे मी घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबांनी खर्रा घोटता घोटता एवढंच विचारलं, "मोजाले कोन बसलं होतं?"

त्या रात्री मी झोपलो नाही. मोबाइलचा टॉर्च लावून घरातली एक एक वस्तू उलटी करत गेलो. डाळीचे डबे पाच नंबर, पास. तेलाचा डबा दोन, पास. सेतू केंद्रात जो वीस लिटरचा जार येते, ज्याचं पाणी मी पाच वर्षांपासून पितो आणि फॉर्म भरायला आलेल्या लोकांनाही पाजतो, तो सात निघाला. लोणच्याच्या बरणीवर काहीच सापडलं नाही, मग लक्षात आलं ती चिनी मातीची आहे. एक डबा पूर्ण भरलेला होता हे मला उलटा केल्यावर कळलं, साबुदाणा होता. बायको दारात उभी होती. तिनं काही म्हटलं नाही, फक्त झाडू माझ्या हाती दिला. सकाळी मात्र फोनवर बहिणीला सांगत होती, "रात्री दोन वाजता चष्मा लावून भांड्यायचे बुडं पाहून राह्यले होते बाई, शुगर डोक्यात गेली वाटते."

बाबांना मात्र तिकोन म्हटल्यावर इंटरेस्ट आला. "तिकोन आपल्याले माहीत हाय," म्हणाले, आणि मला कोठ्यात घेऊन गेले जिथं फवारणीचं औषध कुलपात असते. त्यांचा तिकोन वेगळा. औषधाच्या डब्यावर चौकोन उभा टोकावर ठेवलेला असते, त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, वर कवटीचं चित्र. मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य, म्हणजे तोही प्यायचा नाहीच. हे ज्ञान त्यांना कोणत्या विद्यापीठानं दिलं नाही, कृषी सहायकानं एकदा सांगितलं आणि यांनी पाठ केलं. रिकाम्या डब्याला ते तिथल्या तिथं खिळ्यानं चार भोकं पाडतात, कोणी मागितला तरी देत नाहीत, धुऊन दाणे ठेवतो म्हटलं तरी नाही. २०१७ च्या फवारणीत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात काय झालं, किती शेतकरी-मजूर विषबाधेनं गेले, ते आमच्याकडं सगळ्यांना आठवते. त्याच्यावर मी इथं काही लिहीत नाही. बाबा डब्याला भोक पाडता पाडता म्हणाले, "थ्या डाक्टरले सांग, बाटली कशाची हाय हे नंतर पाह्य. तिच्यात आंधी काय होतं थे पह्यले विचार."

पण मला तर त्या लोकांमधे बसायचं होतं ना. मी ऑनलाइन बाटली मागवली, साडेसातशे मिलीची, चार नंबर, बीपीए नाही असं तीन ठिकाणी लिहिलेलं, जाळीसकट सहाशेला पडली. कुरिअरवाला गावात येत नाही, सेलूला येऊन घेऊन जा म्हणाला. आता गंमत पाहा, जुनी बाटली बायकोनं भंगारात देऊन टाकली होती, नवी सेलूला होती, आणि मी भर दुपारी नऊ किलोमीटर सायकल मारत पाण्याची बाटली आणायला निघालो, पाण्याशिवाय. अर्ध्या रस्त्यात एका बंडीवाल्यानं फिरकीच्या तांब्यातून पाणी पाजलं. पितळी तांब्या, नंबर नाही काही नाही, माझ्या आजाच्या वयाचा असेल. थंडगार. आमचा आजा तर सायकलच्या हँडलला कॅनव्हासची छागल लटकवून वर्ध्याला तारखेवर जायचा, पाणी झिरपत जाते आणि आतलं गार होत जाते. नागपूरवाले आता बाटलीवर ओला पायमोजा चढवतात आणि त्याला काहीतरी कूलिंग म्हणतात. स्वतःच्या पायातला मोजा, आणि वर मला सांगतात की तरट अनहायजिनिक आहे.

नवी बाटली दाबायची असते, मग तिच्या तोंडातून पिचकारी येते. आपण लहानपणापासून वरून पिणारी माणसं, मला वाटलं हे तर आपल्यासाठीच बनवलंय, तोंड आ करून वरून धार सोडली तर पाणी सरळ नाकात. दुसऱ्यांदा डोळ्यात. वासही येत होता, नवीन चपलेच्या दुकानात बसून पाणी प्यावं तसा. डबीवर लिहिलं होतं उन्हात ठेवू नये. वर्धा जिल्ह्यात, एप्रिल महिन्यात, सायकलवर. आठ दिवसांनी तोंडाच्या रबरात काळं काळं दिसायला लागलं, मी त्यात लिंबू-साखर घालायचो त्याचा परिणाम, तर आता रोज बारीक ब्रशनं तिचे दात घासावे लागतात. माझे मी एकदाच घासतो.

आता मुख्य प्रसंग सांगतो आणि आटोपतो. मागच्या रविवारी मंडळी फाट्यापर्यंत पोचलीच नाही, डॉक्टरांच्या दीड लाखाच्या सायकलमधे बाभळीचा काटा घुसला, तोही नेमका आमच्या घरासमोर. ट्यूब बदलली पण हवा कशी भरायची, त्यांच्या वॉलचं नाक पातळ, आमच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही, आणि त्यांचा छोटा पंप कोणाच्या तरी कारमधे नागपूरला. मी आत जाऊन साळ्यानं दिलेल्या सामानात पितळी अडॅप्टर शोधत होतो, वीस मिनिटं लागली, बाहेर आलो तर चौघंही अंगणात बाजेवर आरामात बसलेले, बाटल्या काठोकाठ भरलेल्या, अर्ध्या पिऊन पण झालेल्या.

"पाणी घेतलं आम्ही दादा," पोट्टा म्हणाला, "तो रांजण उघडा होता म्हणून तिकडून नाही घेतलं, या ड्रमला तोटी आहे ना, आणि नंबर पण पाहिला, दोन आहे. एकदम सेफ."

तिकडून बाबा बैल घेऊन येत होते. थांबले. निळ्या ड्रमकडं पाहिलं, बाटल्यांकडं पाहिलं.

"नंबर बराबर हाय," म्हणाले. "पन थे सर्ज्याचं पानी हाय."

कोणी काही बोललं नाही. सर्ज्यानं शेपटीनं एक माशी उडवली. शेवटी डॉक्टरांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "एचडीपीई आहे तसं काका. चालते."

"चालते ना," बाबा म्हणाले, "त्याले बी चालते."

म्याडम मात्र हुशार. त्यांनी बाटली हळूच खाली ठेवली आणि विचारलं, "काका, या ड्रममधे आधी काय होतं?"

बाबांचा चेहरा असा फुलला की मी दहावी पास झालो तेव्हाही फुलला नव्हता. "आता कसं इचारलं पोरी," म्हणाले, आणि खूष होऊन चहा टाकायला सांगायला आत निघून गेले. उत्तर न देताच.

चार हेल्मेट माझ्याकडं वळले. मला माहीत होतं, त्यात आंब्याचा रस होता, नागपूरच्या एका ज्यूसवाल्याकडून मीच आणलेला ड्रम, सोड्यानं चार वेळा धुतलेला. पण मला तो पहिला रविवार आठवला, माझी एक नंबरची बाटली आठवली, ते हसू आठवलं. मी म्हटलं, सांगतो, आधी चहा येऊ द्या.

चहा यायला बराच वेळ लागला.