‘बंदुका रोखल्या म्हणून इबोला थांबला’ हे खरं नाही

साथीचा विषय निघाला की पश्चिम आफ्रिकेचा दाखला देणारा एक मजकूर हटकून फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: तिथले अडाणी लोक मढ्यांना मिठ्या मारत होते, डॉक्टरांच्या अंगावर जात होते, सरकारांनी लष्कर उतरवलं, प्रेतं जाळली, मानवाधिकारवाल्यांना गप्प बसवलं, तेव्हा कुठे इबोला हा जीवघेणा विषाणूजन्य आजार आटोक्यात आला. यातल्या काही गोष्टी घडल्या आहेत, म्हणून तर तो सहज पचतो. पण त्या कधी घडल्या आणि त्यानंतर काय झालं, हे त्यात नाही.

गिनीतल्या मेलियांदू गावात डिसेंबर २०१३ मध्ये सुरू झालेली ही साथ लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये पसरली. २८,६०० हून अधिक रुग्ण, ११,३०० हून अधिक मृत्यू.

‘लष्कराने साथ थांबवली.’ लायबेरियाची राजधानी मन्रोव्हियातली वेस्ट पॉइंट ही समुद्रात घुसलेल्या जिभेसारख्या जागेवरची दाट झोपडवस्ती. २० ऑगस्ट २०१४ ला पहाटे लष्कर आणि पोलिसांनी ती तारांनी बंद केली. हजारो माणसं आत अडकली. ना कमाईची सोय, ना बाहेरून माल. तांदळाचे भाव भडकले, दगडफेक झाली, गोळीबारात एक पंधरा वर्षांचा मुलगा गेला. पैसे चारून किंवा पाण्यातून लोक बाहेर पडतच होते. दहा दिवसांत वेढा उठवावा लागला, आणि तो निर्णय चुकला हे राष्ट्राध्यक्ष एलेन जॉन्सन सरलीफ यांनी पुढे स्वतःच कबूल केलं. लायबेरियातली साथ शिगेला पोचली ती वेढ्यानंतर, सप्टेंबरात. उतरली ती वस्त्यावस्त्यांतल्या लोकांनीच घरोघर फिरून आजारी माणसं शोधायला सुरुवात केल्यावर. अमेरिकी सैन्याने उभारलेली अकरा उपचार केंद्रं तयार होईपर्यंत ओहोटी लागली होती. त्या सगळ्यांत मिळून इबोलाचे २८ रुग्ण आले.

सिएरा लिओनने याहून कडक धोरण धरलं. रुग्ण लपवला तर दोन वर्षांपर्यंत कैद, सप्टेंबरात तीन दिवस देशभर संचारबंदी. तरी रुग्ण नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत वाढत राहिले, आणि तिन्ही देशांत सर्वाधिक रुग्ण तिथेच झाले. सक्तीमुळेच ते वाढले असं यावरून सिद्ध होत नाही. पण सक्तीने ते थांबले, हे तर मुळीच नाही.

नायजेरियाचं उदाहरण मजकुरात का नसतं, ते पाहिल्यावर कळतं. २० जुलै २०१४ ला लायबेरियाहून एक आजारी प्रवासी विमानाने लागोसला उतरला. डॉ. अमेयो स्टेला अडाडेव्हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दबावाला न जुमानता त्याला रुग्णालयातून सोडलं नाही. (त्या स्वतः १९ ऑगस्टला याच आजाराने गेल्या.) पोलिओसाठी उभारलेली यंत्रणा इबोलाकडे वळवली गेली, संपर्कातली ८९४ माणसं शोधली गेली, त्यांच्याकडे सुमारे १८,५०० भेटी झाल्या. पद्धत साधी: प्रत्येकावर २१ दिवस नजर, रोज ताप मोजायचा, ताप आला की लगेच वेगळं करून तपासणी. देशात एकूण २० रुग्ण, ८ मृत्यू, आणि २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त. लागोसभोवती तारा लागल्या नाहीत. आजारी माणसाला अडवणं वेगळं, निरोगी वस्ती कोंडणं वेगळं. धास्तीचा फटका इथेही बसलाच: संपर्कातला एक जण पाळत चुकवून पोर्ट हारकोर्टला गेला आणि हॉटेलात गुपचूप उपचार घेतले. तो वाचला, उपचार करणारा डॉक्टर दगावला.

‘लोक मढ्यांना मिठ्या मारत होते.’ अंत्यविधीतून संसर्ग झाला, भरपूर झाला. गिनीतल्या सुमारे ६० टक्के रुग्णांचा संबंध अंत्यविधीशी लागला होता. इबोलाने मेलेल्याच्या शरीरावर विषाणू प्रचंड प्रमाणात असतो आणि काही दिवस जिवंत राहतो. पण प्रेताला आंघोळ घालणं आपल्याकडेही चालतं, तोंडात गंगाजल घालणंही. त्याला आपण अडाणीपणा म्हणत नाही.

सुरुवातीला प्रेतं उचलणारी पथकं काय करत होती? गाडीतून उतरतानाच पूर्ण संरक्षक पोशाख चढवलेला, चेहरा दिसत नाही, कुणाशी बोलणं नाही. काळ्या पिशवीत प्रेत, आणि कबर कुठे हे घरच्यांना माहीतच नाही. मग घरचे फोनच करेनासे झाले. रात्री गुपचूप पुरायचं, तेही धुऊन. नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बारा पायऱ्यांची नवी पद्धत दिली. तिचा गाभा असा: पथक साध्या कपड्यांत येतं, सांत्वन करतं, घरातला एक प्रतिनिधी ठरवून सगळी प्रक्रिया समजावतं. धर्म विचारतं. पोशाख त्यानंतर. मुसलमान कुटुंब असेल तर पाण्याऐवजी पिशवीवरूनच कोरडं वुजू, म्हणजे शुद्धीचा विधी. सिएरा लिओनमध्ये काळ्या पिशव्या जाऊन पांढऱ्या आल्या, कारण कफन पांढरं असतं. कबर निदान दोन मीटर खोल, खणायला घरची माणसं चालतात, पहिली माती त्यांची, वर नावाची पाटी. जाळायच्या वस्तू घरच्यांना विचारूनच जाळायच्या. हे करायला वेळ जास्त लागतो, पण पुढच्या वेळी शेजारी स्वतः फोन करतो.

‘प्रेतं जाळली म्हणून सुटले.’ ऑगस्ट २०१४ मध्ये मन्रोव्हिया परिसरात दहनाची सक्ती झाली हे खरं. भट्टी होती मन्रोव्हियाबाहेर बॉइज टाउनला, तिथल्या भारतीय समाजाने आपल्या अंत्यविधींसाठी बांधलेली. आपल्याला दहन ओळखीचं. लायबेरियात मात्र मार्चमध्ये ‘डेकोरेशन डे’ला कबरी घासूनपुसून रंगवायच्या असतात. कबरच नाही तर घासायचं काय? लोक आजाऱ्याला घरातच ठेवू लागले, मृत्यू इबोलाने नाही असा कागद पैसे देऊन मिळवू लागले. डिसेंबरात डिस्को हिलला दफनभूमी उघडली आणि सक्ती सुटली. पिंपांत साठवलेली राख मार्च २०१५ मध्ये तिथे नेण्यात आली.

‘डॉक्टरांवर हल्ले केले.’ केले. १६ सप्टेंबर २०१४ ला गिनीतल्या वोमे गावात जनजागृतीला गेलेल्या आठ जणांची हत्या झाली. तिचं समर्थन होऊ शकत नाही. पण त्याआधी त्याच भागातल्या एनझेरेकोरेत बाजारात जंतुनाशकाची फवारणी झाल्यावर ‘हे लोक रोगच फवारतायत’ अशी आवई उठून दंगल पेटली होती. शिवाय पोस्टरवर छापलं होतं, ‘इबोलावर इलाज नाही.’ इलाज नसेल तर केंद्रात मरायला कोण जाईल? रानातलं मांस खाऊ नका, यावरही जोर होता, आणि इथे रोग माणसाकडून माणसाकडे जात होता.

फवारणीच्या आणि हात धुण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनचं गणितही समजावून सांगायला हवं. हात धुवायला ०.०५ टक्के, प्रेत आणि सांडलेल्या रक्तासाठी ०.५ टक्के. ७० टक्के क्लोरीन असलेली पावडर असेल तर २० लिटरच्या बादलीत पहिल्यासाठी सुमारे १४ ग्रॅम, दुसऱ्यासाठी सुमारे १४० ग्रॅम. दोन्ही बादल्यांवर ठळक खूण हवी, अदलाबदल झाली तर हातांची सालं निघतात. पाणी रोज नवं करायचं, उन्हात ठेवायचं नाही, आणि घाण आधी पुसायची, नाहीतर क्लोरीन तिच्यातच संपतं.

‘मानवाधिकार आड आले.’ सिएरा लिओनमध्ये घरात एक रुग्ण निघाला की सगळं घर २१ दिवस बंद. दुसरा निघाला की मोजणी पुन्हा एकपासून. धान्य बऱ्याचदा उशिरा पोचायचं. पाणी, सरपण, फोनचा बॅलन्स कुणाच्या यादीतच नसायचा. मग ताप आलेला पोरगा सांगायचा की लपवायचा? पुण्यात १८९७ च्या प्लेगात रँडचे सोल्जर घरात घुसायचे तेव्हाही लोकांनी रुग्ण लपवलेच होते. बंद घराला पहिल्याच दिवशी शिधा, पाणी आणि रोज विचारपूस मिळाली, तर दार आतून उघडतं.

२०१८ मध्ये काँगोच्या किवू भागात लस हाताशी होती. तीन लाखांहून अधिक लोकांना ती दिली, तरी साथ जवळपास दोन वर्षं चालली. तो भाग युद्धाने पोळलेला होता, हे आहेच. पण डिसेंबरात इबोलाचं कारण देऊन बेनी आणि बुटेंबोतलं मतदान पुढे ढकललं, आणि दुसऱ्याच दिवशी बेनीतल्या केंद्राची मोडतोड झाली. मदतकार्यातल्याच पुरुषांनी बायकांचं लैंगिक शोषण केल्याचं स्वतंत्र आयोगाने २०२१ मध्ये मांडलं. अशा पथकाला दार कोण उघडणार?

मजकुरात बरे झालेले लोक कुठेच नाहीत. त्यांना इबोलामुक्तीचं प्रमाणपत्र मिळायचं, तरी घरमालक खोली द्यायचे नाहीत. रक्तातून विषाणू गेला तरी वीर्यात तो महिनोन्‌महिने राहू शकतो. म्हणून वीर्याची तपासणी होत राहते आणि सलग दोनदा विषाणू न सापडेपर्यंत निरोध वापरायला सांगतात. एका खोलीत बसणं, जेवणं, हस्तांदोलन याने मात्र काही होत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये लायबेरियाहून बरा होऊन परतलेल्या एका भारतीय तरुणाला दिल्ली विमानतळावरच वेगळं ठेवलं होतं. त्याचं रक्त स्वच्छ होतं, अंश सापडला होता वीर्यात.