कोयत्याला कलम कसं शिकवावं

रात्री अकराच्या सुमारास तोंडाला रुमाल बांधलेली चार-पाच पोरं तुमच्या गल्लीत शिरली, रस्त्यावर लावलेल्या गाड्यांच्या काचा कोयत्याने फोडल्या, एका रिक्षाचं हूड फाडलं आणि शिव्या देत निघून गेली, तर सर्वप्रथम खिडकी लावून घ्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जा. 'अल्पवयीनबिल्पवयीन काही नाही, फाशी द्या' असं कुणीतरी आधीच लिहिलेलं असेल. त्याखाली अंगठा उमटवा. गुन्हेगारी रोखण्याचं तुमच्या वाटचं निम्मं काम इथेच झालं.

उरलेलं निम्मं जरा किचकट आहे, कारण फाशीची ही खबर पोरापर्यंत पोचवायची आहे. पोरगं सोळा-सतराचं, शाळा नववीत सुटलेली. काल चौकात कुणीतरी त्याच्याकडे 'रागाने बघितलं'. पुण्याच्या पेपरात ज्या कारणावरून वार होतात, त्यात हे कारण फार मानाचं आहे. आता ते मित्राच्या गाडीवर ट्रिपल सीट मधे बसलंय, शर्टाच्या आत पाठीला कोयता. अशा वेळी त्याने सिग्नलला थांबून हिशोब करावा अशी आपली अपेक्षा आहे: 'पूर्वी फार तर तीन वर्षं सुधारगृह होतं, आता मोठ्यांसारखा खटला चालू शकतो, तेव्हा गाडी वळव.' ज्या पोराला पुढच्या महिन्यात काय करणार ते विचारलं तर 'बघू ना' म्हणतं, त्याला चाळिशीतल्या आयुष्याची किंमत पटवून द्यायची आहे. जमेल, जमेल. सिग्नलला थांबलं तर नक्की जमेल.

कायदा तर केव्हाच कडक झालाय. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने अल्पवयीन ठरवायची मर्यादा अठरावरून सोळावर आणायला नकार दिला होता. पण समित्यांचं काय, त्या विचार करून बोलतात. त्या प्रकरणातला अल्पवयीन डिसेंबर २०१५ मध्ये सुटला आणि दोन दिवसांत राज्यसभेने नवा बाल न्याय कायदा मंजूर केला. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने किमान सात वर्षं शिक्षेचा निर्घृण गुन्हा केला, तर बाल न्याय मंडळ त्याची समज तपासणार आणि ठरलं तर खटला मोठ्यांसारखा चालणार. १५ जानेवारी २०१६ पासून हे लागू आहे. 'कोयता गँग' हा शब्द पुण्यात घरोघरी पोचला तो त्यानंतर काही वर्षांनी. पोरांना राजपत्र वाचायची सवय नाही, दुसरं काय!

अमेरिकेनेही नव्वदच्या दशकात हेच केलं. मोठ्यांच्या कोर्टात पाठवलेली मुलं बाहेर आल्यावर जास्तच हिंसा करतात, असा निष्कर्ष तिथल्याच सरकारी आरोग्य यंत्रणेच्या तज्ज्ञ गटाने २००७ मध्ये काढला. तिकडे लक्ष देऊ नका. ती पोरं इंग्रजी बोलतात.

कलमांच्या आकड्यांचा मात्र पोरांवर परिणाम होतो, हे मान्य करायला हवं. '३०२' आणि '३०७' मी बुलेटच्या मडगार्डवर पाहिलेत, स्टेटसवर पाहिलेत, एकदा वाढदिवसाच्या केकवरही पाहिलाय. १ जुलै २०२४ पासून खुनाचं कलम १०३ झालं, तरी मडगार्डवाल्यांनी अजून बदल केलेला नाही. धिंडीचंही तसंच. पोलीस आरोपींना त्यांच्याच वस्तीतून फिरवतात, तेव्हा गॅलरीतून व्हिडिओ काढून ठेवा. लंगडत चाललेल्या भाईवर गाणं चढवून त्याची रील करायला पोरांना उपयोगी पडतो.

कुणी म्हणेल, टोळीवाले मुद्दाम अल्पवयीन पोरं पुढे करतात, 'तू लहान आहेस, सुटशील' म्हणून. खरं आहे. म्हणजे शिक्षेचा हिशोब कुणीतरी करतंच, फक्त तो करणारा तिशीतला असतो. त्याच बाल न्याय कायद्याचं कलम ८३ त्याच्यासाठीच आहे: मुलांना बेकायदा कामाला जुंपणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. पण ग्रुपवर 'कलम ८३ लावा' असं लिहून उगाच वातावरण बिघडवू नका. भाईचा वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लागलाय, आणि मंडळाची वर्गणी तुम्ही त्याच्याच हातात दिली आहे.

मुख्य खबरदारी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायची. आमच्या शेजारच्या काकांनी या बाबतीत आदर्श घालून दिलाय. रात्री अकरा वीसला त्यांचा मेसेज होता: 'समोरून बघितलं. चौघं होते, एक आपल्या मागच्या गल्लीतला. भर चौकात लटकवा.' सकाळी नऊला हवालदार वहीपेन घेऊन दारात. काका म्हणाले, "साहेब, मला बीपीची गोळी आहे, दहालाच झोपतो मी." हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी कुकरची शिट्टी मोजत होतो.

तेव्हा मागणी करायची ती शिक्षेच्या वर्षांचीच करा. सात असतील तर चौदा मागा, कागदावर खर्च येत नाही. पोर लवकर सापडावं, खटला वर्षभरात उभा राहावा, साक्षीदार फुटू नयेत असल्या मागण्यांत न्यायाधीश नेमावे लागतात, पैसा लागतो आणि मुख्य म्हणजे तुम्ही लागता. गल्लीतला दिवा आणि कॅमेरा बंद आहेत, ते तसेच असू द्या. उजेडात पोरं ओळखू आली तर आपल्याला बीपी नसल्याचं उघड होईल.

आणि पोर अठराचं झाल्यावर पुन्हा सापडलंच, तर येरवडा आहेच. १८७१ चं कारागृह, आत क्षमतेच्या दुपटीहून जास्त माणसं. देशभरातल्या तुरुंगांत चारातले तीन कच्चे कैदी, म्हणजे निकालाची वाट बघणारे. एवढा रिकामा वेळ आणि एवढे अनुभवी शिक्षक कुठल्या आयटीआयमध्ये मिळतात सांगा.

उपाय झालेच नाहीत असं नाही. २०२३ च्या सुरुवातीला कोयता घ्यायचा तर आधार कार्ड दाखवा, असं पोलिसांनी पुण्यातल्या दुकानदारांना सांगितलं होतं. नारळवाल्यांची चांगलीच जरब बसली.

तुमच्या गाडीच्या काचेचं राहिलंच. विम्याला तक्रारीची प्रत लागते, त्यासाठी चौकीत वेळेवर जा. 'अज्ञात इसम' असंच लिहून घ्या. तिथल्या बाकावर मागच्या गल्लीतलं ते पोर आईशेजारी बसलेलं दिसलं, तर त्याच्याकडे रागाने बघू नका.