चर्चिल यांच्या सज्जातील छायाचित्राविषयी खुलासा

सज्जातून गर्दीला अभिवादन करणाऱ्या विन्स्टन चर्चिल यांचे छायाचित्र '१९४५ची निवडणूक जिंकल्यानंतर बकिंगहॅम राजवाड्यात' अशा मजकुरासह फिरत असून, मीही ते न तपासता पुढे पाठवले होते, याचा मला खेद वाटतो. ते ८ मे १९४५ रोजी, दुसऱ्या महायुद्धातील युरोपमधील विजयाच्या दिवशी, लंडनच्या व्हाइटहॉलमधील आरोग्य मंत्रालयाच्या सज्जात टिपलेले आहे, अशी नोंद इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे. चर्चिल त्याच दिवशी राजवाड्याच्या सज्जातही आले होते, परंतु त्या छायाचित्रात राजा सहावे जॉर्ज आणि राजकुटुंब शेजारी दिसते. इथे मात्र शेजारी मजूर पक्षाचे मंत्री अर्नेस्ट बेव्हिन आहेत, कारण तेव्हा चर्चिल यांच्या हुजूर पक्षाचे मजूर पक्षासह संयुक्त सरकार होते. जुलैची निवडणूक तर चर्चिल हरले. कृपया चुकीचा मजकूर पुढे पाठवू नये.